मुखरूच्या डोक्याचा फोटो

"करदोडा पण काढा आजोबा. आत धातूचं काही चालत नाही," मशीनवरची मुलगी म्हणाली.

मुखरूने करदोडा सोडला, चुन्याची डबी काढली आणि ते सगळं बायकोच्या हातात दिलं. "कमळे, काचेतून पाहत राह्य. माह्ये पाय दिसतीन तुले."

कमळाने मान हलवली. नीलिमा आईजवळ उभी राहिली. पोंभुर्ण्यापासून चंद्रपूरपर्यंत एसटीत आईने बाबांचं बोट सोडलं नव्हतं. नीलिमाला ते बरं वाटलं. 'बाबाले एकटं सोडू नको,' असं तिनेच फोनवर बजावलं होतं.

दिवाळीपासून मुखरू स्वतःच लेकीला फोन करायचा. "दुधाचा गंज चुलीवर ठेवून विसरलो. गंज जळला." मग एकदा, "शेळ्या वावरातच राह्यल्या." आणि होळीच्या सुमारास, "मोहफुलं वेचायले गेलो, तं घराची वाटच सापडेना."

नीलिमा घाबरून आईला फोन द्यायला सांगायची. "आई, खरं काय ते सांग."

"तुह्ये बाबा सांगून राह्यले ना," एवढंच आई म्हणायची.

आज सकाळी डॉक्टरांनी तीन शब्द सांगून थोड्या वेळाने विचारले होते. मुखरूला एकच आठवला. तेव्हा नीलिमाने तोंड फिरवून डोळे पुसले.

मशीन धडधडायला लागली. कमळाने लेकीचा दंड घट्ट धरला. "बाहेर येतेत ना हे?"

"येतेत आई. फोटोच काढतेत."

मुखरू बाहेर आला तो हसतच. "निसता आवाज हाय. दुखत गिखत नाई."

दुपारी डॉक्टरांनी फिल्म उजेडावर धरली. "आठवणीच्या आजारात बहुतेकदा हा भाग आधी आकसतो. यांचा चांगला भरलेला आहे. वयाच्या मानाने मेंदू उत्तम. अर्थात, एकट्या फोटोवरून सगळं ठरत नाही. पण शब्द का आठवले नाहीत, याचंच मला नवल वाटतं."

नीलिमाचा जीव भांड्यात पडला. "बाबा, ऐकलं? काई नाई तुमाले!"

मुखरूच्या चेहऱ्यावर आनंद दिसला नाही. तो कमळाकडे वळला. "पाह्यलं ना? गेलो न आलो. आता तू जाशीन?"

कमळाने थोडा वेळ त्याच्याकडे पाहिलं. मग गळ्यातली पोत काढून त्याच्या हातात ठेवली.

"आईले काऊन?" नीलिमाने विचारलं.

मुखरूने पोत मुठीत धरली आणि आवाज खाली आणला.

"दूध, शेळ्या, वाट... ते सारं हिचं होय, बाई. मी पहिले गेल्याशिवाय ही आत जात नव्हती."