काळी रेघ

डॉक्टरांनी रेवाच्या पायाचा एक्सरे दिव्यावर लावला. दोन वर्षं कांचनला पांढऱ्याफटक हाडांचीच सवय झाली होती. जुनं हाड खाणाऱ्या पेशी लेकीच्या अंगात तयारच होत नव्हत्या. हाड नुसतं भरत जायचं आणि खडूसारखं मोडायचं. म्हणून उन्हाळ्यात सात वर्षांच्या थोरल्याचा बोन मॅरो तिला दिला होता.

"मधली काळी रेघ बघा, हाडात पोकळी होतेय," डॉक्टर म्हणाले. "दादाच्या मॅरोतून पेशी तयार झाल्या. हाड खायला लागल्या."

कांचनच्या अंगात सुटकेनं हसायचंही त्राण उरलं नव्हतं. शेजारी बसलेल्या थोरल्याचा चेहरा मात्र पडला. "आई, मी तिला हातसुद्धा लावला नाही गं."

खरंच होतं ते. लावू नकोस, हाड मोडेल तिचं, असं तिनंच त्याला बजावलं होतं.

कांचननं रेवाला उचललं आणि त्याच्या मांडीवर ठेवलं.