रक्त पातळ करायची गोळी

बाळाचार्यांच्या हृदयाची झडप बदलल्यापासून रक्त पातळ ठेवणारी एक गोळी त्यांना रोज घ्यावी लागे. प्राणिशास्त्र शिकवणारी भाची दीपश्री एकदा सहज म्हणाली, "मामा, उंदरांना घालतात ते औषध हेच." बाळाचार्य हसले. त्यांच्या पत्नी अनसूयाबाई हसल्या नाहीत.

दहा दिवसांनी हिरड्यांतलं रक्त थांबेना, म्हणून अनसूयाबाईंनाच देशपांडे नगरातल्या डॉक्टरांकडे न्यावं लागलं.

रिपोर्ट बघून डॉक्टर म्हणाले, "अक्का, गोळी ह्यांची. तुमचं रक्त कसं पातळ झालं?"

"रोज आधी एक मी खाऊन बघत होते. अर्ध्या तासात काही झालं नाही, की मग ह्यांना देत होते."

"अहो, अर्ध्या तासात काय कळणार? ह्याचा अंमल चार दिवसांनी दिसतो. उंदीरसुद्धा असेच फसतात. आधी थोडं खाऊन बघतात, काही होत नाही, मग पोटभर खातात."

डॉक्टरांनी उताऱ्याचं इंजेक्शन भरलं. अनसूयाबाईंनी दंड पुढे केला.

बाळाचार्य म्हणाले, "लग्नाला चाळीस वर्षं झाली, डॉक्टर. आजवर हिनं माझ्या आधी घास तोंडात घातला नव्हता."