तहानंतरचा डाव

स्पेनच्या राजाने इंग्रजांशी तह केला आणि कित्येक वर्षांनी सानलूकारच्या बंदरात इंग्रज गलबत लागलं. ब्रियांदाच्या गुत्त्यात एक म्हातारा इंग्रज व्यापारी शिरला. तिने त्याला चालीवरूनच ओळखलं. लहानपणी ती पिंपावर बसून बाबांना याच्याशी पत्ते खेळताना बघायची. “गास्पार कुठाय?” त्याने विचारलं. “कादिझवर तुमच्या तोफा चालल्या, त्यात बाबा गेले.” म्हातारा मटकन बाकावर बसला. “हाकल त्याला, ब्रियांदा,” एक खलाशी गुरगुरला. तिला मात्र बाबांचं गडगडाटी हसू आठवलं, हरल्यावरसुद्धा तसंच येणारं. तिने वाइनची सुरई आणि पत्ते आणून मांडले. “बाबा बाहीत पत्ते लपवायचे. ठाऊक होतं?” “होतं. मीही लपवायचो.” “तेही त्यांना ठाऊक होतं.” म्हाताऱ्याचे डोळे भरून आले. ती बाबांच्या जागी, त्याच्यासमोर बसली. “पिसा, काका,” ती म्हणाली, “पण आधी बाह्या दुमडा.”