घट्ट माप

अंगठी नूतनच्या बोटाच्या पेरावर अडकली होती आणि भूषण ती खाली रेटत होता.

"लहान होतेय," नूतन म्हणाली. "एक माप मोठी बघू."

"हीच बसेल."

भूषणच्या आई, दिपमालाबाई, काटकोनात वळलेल्या काउंटरच्या पलीकडे, समोरच्या खुर्चीत बसून पाहत होत्या. मुलाला अडवावं असं त्यांना वाटलं नाही. उलट बरंच वाटलं. ही मुलगी पहिल्या दिवसापासून त्यांच्या मनात भरली नव्हती. पाहायला गेले तेव्हा हिने भूषणलाच उलट विचारलं होतं, आधीची नोकरी का सोडली म्हणून. जळगावच्या एका लॅबमध्ये रक्त तपासायचं काम करते. लग्नानंतर धुळ्याहून रोज ये-जा करीन म्हणते. आज सोन्याचीच अंगठी घ्या, असं दिपमालाबाईंनी चारदा सुचवलं. "प्लॅटिनम म्हणे. चांदीत आणि यात फरक कोणाला कळणार?" पण हिने आपलंच खरं केलं. आता अडकलंय बोट, तर अडकू दे.

काउंटरमागचे हिलालभाऊ चाळीस वर्षं सराफीत होते. ते म्हणाले, "साहेब, रेटू नका. उन्हाळ्यात बोटं फुगतात. आणि प्लॅटिनमचं माप नंतर वाढवणं सोनारालाही जड जातं. सैलसर घ्या. अधूनमधून काढायची, कोमट पाण्यात साबणाने धुवायची, वेगळ्या डबीत ठेवायची. जन्मभर जाते."

"काढायची कशाला?" भूषण म्हणाला.

"लॅबमध्ये हातमोजे घालताना काढावीच लागेल," नूतन म्हणाली.

"म्हणून तर घट्ट पाहिजे."

नूतनचे वडील पितांबर कसंनुसं हसले. धरणगावहून पहाटे निघून आलेला साधा माणूस. "जावईबापू थट्टा करताहेत," ते म्हणाले.

अंगठी पेरावरून खाली गेली. वरची कातडी लाल होऊन गोळा झाली. नूतन ती काढायला गेली, तसा भूषणने तिचा हात धरून खाली मांडीवर नेला. चेहऱ्यावर हसू तसंच होतं. काउंटर काचेचा होता. त्यातून दिपमालाबाईंना दिसलं, त्याचा अंगठा तिच्या मनगटात रुतला होता. नूतनचा खांदा ताठ झाला.

"चारचौघांत तमाशा नको," भूषण हळू, गोड आवाजात म्हणाला.

हे वाक्य दिपमालाबाईंच्या नवऱ्याचं होतं. आवाजही तोच. अठ्ठावीस वर्षं लग्नाच्या मांडवात, देवळात, पाहुण्यांच्या ओसरीवर त्यांनी हे ऐकलं होतं, मनगट असंच पदराआड धरलेलं असताना. लोक म्हणायचे, किती मृदू बोलतो माणूस. भूषण हे बघतच लहानाचा मोठा झाला. लेकराला काय कळतंय, असं त्या मनाला समजावत आल्या होत्या.

त्या उठल्या. हिलालभाऊंकडून साबणाचं पाणी मागून घेतलं. मुलाची बोटं एकेक करून मनगटावरून सोडवली.

"आई, तू बस," भूषण म्हणाला.

त्या बसल्या नाहीत. साबण लावून, हळूहळू फिरवत, त्यांनी अंगठी काढली. पितांबरांना हायसं वाटलं. हिलालभाऊंनी मोठ्या मापाच्या अंगठ्यांचा ट्रे पुढे सरकवला. दिपमालाबाईंनी तो तसाच मागे सारला आणि नूतनचा ओला हात आपल्या हातात घेतला. या मुलीशी त्या आजवर तोलूनमापून शहरी मराठीत बोलल्या होत्या. आता घरची अहिराणी तोंडात आली.

"पोरी, याले आठेच, या दुकानमाच, नही सांगी दे. मना पोऱ्या शे, म्हनीसन मी सांगस."