शंभर कोटी सात

"इथे हातचा राहिलाय, बाबा," शलाका म्हणाली.

महिपतींनी वही ओढून घेतली, चष्मा वर केला आणि ती ओळ खोडली. अंबरनाथच्या कारखान्यात तीस वर्षं टर्नर असलेला माणूस. केसाएवढा फरक बोटांना कळायचा त्यांच्या. आता साध्या वजाबाकीत रोज एक तरी चूक. शलाकाला बघवत नसे.

तिचा नवरा सुजित गेला आणि ती उल्हासनगरच्या क्लासमधलं शिकवणं सोडून शिरगावला आईबाबांकडे आली. त्याच महिन्यात आई, कौसाबाई, तिला म्हणाली की तुझे बाबा विसरायला लागलेत गं, डोक्याला काही काम दे त्यांच्या. गणिताच्या बाईकडे दुसरं काय असणार? तिने कॅलेंडरच्या मागे लिहून दिलं, १,००,००,००,००७. एक आणि हाच आकडा सोडून याला कशाने भाग जातो, ते शोधा.

जात नाही, हे तिला ठाऊक होतं. मूळ संख्या ती. म्हणून तर दिली. लवकर संपायला नको.

बाबा दोनपासून निघाले. तीन, पाच, सात, अकरा, असं एकेका मूळ संख्येने भागत, दिवसाला पाच भागाकार. संध्याकाळी सहाला शलाका तपासायला बसे. सकाळी अंथरुणातून उठणं तिच्या जिवावर यायचं, केस विंचरणंसुद्धा नकोसं व्हायचं. पण संध्याकाळच्या सहाला उठावंच लागे. बाबांना एकटं कसं सोडणार? तपासता तपासता आई शेजारी ताट सरकवी, तेवढेच चार घास पोटात जात.

एकवीस वह्या भरल्या. दोन वर्षं होत आली.

आज शेवटचा भागाकार होता, ३१,६०७ ने. बाकी १७,७४१. तिने दोनदा पडताळून पाहिली. बरोबर होती. तिने पेन खाली ठेवलं.

"संपलं, बाबा. याला कशानेच भाग जात नाही."

"पुढचे आकडे राहिले की."

तिने समजावून सांगितलं. दोन संख्यांच्या गुणाकारातून हा आकडा झाला असता, तर त्यातली लहान संख्या एकतीस हजार सहाशे बावीसच्या वर गेलीच नसती; त्याहून मोठ्या दोन संख्यांचा गुणाकार या आकड्याच्या पुढे जातो. तिथवरच्या सगळ्या मूळ संख्या लावून झाल्या. आणि हे आपल्याला पहिल्या दिवसापासून माहीत होतं, तेही सांगून टाकलं. बाबा रागावतील असं तिला वाटलं होतं. ते नुसतेच वहीवरून हात फिरवत राहिले.

"मग आता काय, बाय?"

शलाका दमली होती. तरी त्या चेहऱ्याकडे बघून तिला गप्प बसवेना.

"उद्या दुसरा देते," ती म्हणाली. "याच्याहून मोठा."

महिपती मान हलवून गॅलरीत गेले. चष्मा टेबलावरच राहिला होता, म्हणून तो द्यायला ती मागोमाग निघाली. दाराशी पोचली, तर ते फोनवर हळू आवाजात बोलत होते.

"डॉक्टरसाहेब, महिपती बोलतोय. तुम्ही म्हणाला होता ना, पोरीला कशात तरी गुंतवून ठेवा, तिला एकटं सोडू नका... हो, हो. चुका करून करून मीच दमलो. पण आज, सुजितराव गेल्यापासून पहिल्यांदा, ती ‘उद्या’ म्हणाली."