न वापरलेले दिवस

“खाट परत आली की आधी फोन, पैसे मागाहून,” अकाउंटवाल्या काकांनी निवृत्त होताना तिला तीनदा बजावलं होतं. तिनं ते हसण्यावारी नेलं. “काका, आता फोन कशाला? मी कंप्युटरवर सोय केलीय, खाट गोदामात आली की जादा भाड्याचे पैसे आपोआप परत जातील.” काका म्हणाले, “जातील ना. पण तुझ्या त्या कंप्युटरला कान आहेत का?”

आज काउंटरपलीकडे एक आजोबा उभे होते. आजारी माणसांच्या खाटा आणि चाकाच्या खुर्च्या भाड्यानं देणारं हे ऑफिस. इथे येणारा प्रत्येक जण घाईत असतो. आजोबांना घाई नव्हती. त्यांनी एक पाकीट काचेवर ठेवलं, चष्मा चढवला आणि मोबाइल लांब धरून खणखणीत आवाजात वाचायला लागले.

“‘अभिनंदन! तुमचे न वापरलेल्या ५ दिवसांचे पैसे परत येत आहेत. पुन्हा सेवेची संधी द्या!’ पुढे फुगे काढलेत. तीन.”

वाक्य तिचंच होतं. बाळ खांद्यावर झोपलेलं असताना एका हातानं टाइप केलेलं. साहेबांनी मीटिंगमध्ये ते सगळ्यांना वाचून दाखवलं होतं, तेव्हा ती लाजून खाली बघत बसली होती, पण मनातून खूश होती.

“मग बरोबर आहे ना, आजोबा,” ती म्हणाली. पाळणाघराचा फोन येईल म्हणून तिचा एक डोळा स्वतःच्या मोबाइलवर होता. मुलीचं अंग सकाळपासून कोमट होतं. “खाट परत न्या, असं तुम्ही चार तारखेला नोंदवलंत. खाट आली दहाला सकाळी. मधले पाच दिवस आमच्या गाडीच्या उशिराचे. त्यांचं भाडं आम्ही घेत नाही. तुमचा फायदाच झाला.”

“गाडीला उशीर नाही झाला. पाच तारखेलाच आली होती. मी ड्रायव्हरला दारातूनच परत पाठवलं.”

“का?”

आजोबांनी मोबाइल खिशात ठेवला. मघाचा खणखणीत आवाज आता राहिला नव्हता.

“चारला डॉक्टर म्हणाले, बायकोची आजची रात्र निघणं कठीण आहे. मला वाटलं, गाडी मिळायला वेळ लागत असेल, सांगून ठेवावं. म्हणून मोबाइलवरचं ते ‘खाट परत न्या’चं बटण दाबलं. तिच्या उशाशीच बसलो होतो हो मी तेव्हा.” त्यांनी पाकिटावर हात ठेवला. “आणि ती राहिली. चांगली पाच दिवस राहिली. आठ तारखेला म्हणाली, डोकं वर करा, खिडकीतलं दिसत नाही. मी खाटेची कळ फिरवली. चांगलं तासभर बघत होती. अन् तुम्ही म्हणता, न वापरलेले?”

त्या पाच दिवसांच्या भाड्याचं पाकीट त्यांनी तिच्याकडे सरकवलं. मागे कुबड्या घ्यायला आलेला माणूस म्हणाला, “घ्या की मॅडम. पैसे द्यायला आलेलं गिऱ्हाईक मी तरी पहिल्यांदाच बघतोय.” कुणी हसलं नाही, तेव्हा तोही भिंतीकडे बघायला लागला.

“आजोबा, राहू द्या ना ते पैसे,” ती कशीबशी म्हणाली.

“राहू द्या कसं? तिचे दिवस आहेत ते.”

तिनं त्यांचं खातं उघडलं. परत दिलेले पैसे पुन्हा जमा करून घ्यायची सोय तिनं ठेवलीच नव्हती. असं कोण कशाला करेल, असं तेव्हा वाटलं होतं. तिनं दोनदा प्रयत्न केला, दोन्ही वेळा लाल चौकट आली.

“यात घेता येत नाहीयेत.”

“मग कशात येतात?”

खालच्या खणात काकांचं पावतीपुस्तक होतं, अर्धं कोरं. तिनं कार्बन सरळ केला, आणि ‘कशाबद्दल’ या ओळीपाशी पेन अडलं. आजोबा वाकून बघत होते.

“लिहा,” ते म्हणाले. “पाच ते नऊ. वापर झाला.”

तिनं तसंच लिहिलं. त्यांनी पावती वाचली, चौघडी करून वरच्या खिशात ठेवली, आणि गेले.  तिच्यावर रागावले असते तर बरं झालं असतं.

मग तिनं त्यांच्या खात्यातला ड्रायव्हरचा शेरा उघडला. कंप्युटर शेरे वाचत नाही, आणि तिनंही कधी वाचले नव्हते. पाच तारखेला त्यानं लिहिलं होतं: ‘आजी अजून आहेत. परत आलो.’

त्या संध्याकाळी तिनं आजोबांना फोन लावला. दुसऱ्या दिवशी दोनदा. नुसती रिंग वाजत राहिली. मुलीला कडेवर घेऊन एकदा ती त्यांच्या इमारतीपर्यंत गेलीसुद्धा. पण जिन्यात पाय ठेवायचं धाडस होईना. कोण म्हणून जायचं? फुगे पाठवणारी म्हणून? मुलगी कुरकुरायला लागली, तेवढं निमित्त पुरलं, ती मागे फिरली.

म्हणून, तुम्ही त्या बाजूला राहत असाल, तर आजोबा बरे आहेत ना, ते एकदा जाऊन बघाल का? लाँड्रीच्या मागची इमारत, तिसरा मजला, डावीकडचं दार. ड्रायव्हरनं शेऱ्यात खाली आणखी एक ओळ लिहून ठेवली आहे: बेल चालत नाही, दार ठोठावा, आणि लगेच निघू नका, उघडायला वेळ लागतो.