कुठलाही एक दिवस

एफी मावशी खाऱ्या मांसाच्या रिकाम्या बादलीत गुळाचे पाव घेऊन रेडिओ केंद्रात आली, तेव्हा ट्रूडी स्वतःवर बेहद्द खूश होती. जुन्या ध्वनिमुद्रणांच्या यादीचा नुसता उकिरडा झाला होता. सकाळपासून एकटीने बसून तिने तो उपसला होता.

"लेव्हीचा आवाज हवाय गं पोरी," मावशी बादली टेबलावर ठेवत म्हणाली. "रविवारी महिना होतो त्याला जाऊन. पाद्रीबाबा म्हणाले, चर्चमध्ये ऐकवू."

"कुठल्या दिवसाचा हवाय?"

"कुठलाही एक दिवस चालेल. एकतीस वर्षं पहाटे उठून आला इथे, मलाही झोपू दिलं नाही. तोटा आहे का?"

मावशीचा नवरा लेव्ही कीपिंग न्यूफाउंडलंडच्या या किनाऱ्यावरच्या होड्यांना रोज हवामान वाचून दाखवायचा. ट्रूडीने यादीत 'होड्यांसाठी हवामान' शोधलं. एक नोंद आली. एकच.

तिने पुन्हा शोधलं. पुन्हा एकच.

फिती संगणकावर चढवताना तारखांचे रकाने कोरेच राहिले होते, आणि कार्यक्रमाचं नाव तर रोजचं तेच; संगणकाला सगळे दिवस एकच दिसले. सकाळी तिने आज्ञा दिली होती: नाव आणि तारीख सारखी असेल तर शेवटची नोंद ठेव, बाकीच्या पुसून टाक. नोंद गेली की तिचं मुद्रणही जावं, ही सोयसुद्धा तिनेच करून ठेवलेली. पुसण्याआधी ती नेहमी आकडा बघायची. आजही बघितला होता: अकरा हजार तीनशे बारा. एकच गोष्ट किती वेळा चढवावी माणसांनी, म्हणून ती हसलीसुद्धा होती. मग तिने 'कमिट', म्हणजे बदल कायम करण्याची आज्ञा, दिली. त्याच्या आधी सगळं परत घेता येतं. नंतर देवालाही नाही.

मूळ फिती गेल्या उन्हाळ्यातच कचऱ्यात गेल्या होत्या. राखीव प्रत रोज दुपारी बाराला, कालची पुसून, नवी होते. भिंतीवर साडेबारा वाजले होते. ट्रूडीला वाटलं, धरणीने पोटात घ्यावं.

"सापडलं?"

"मावशी, एकच उरलंय. बाकीची माझ्या हातून पुसली गेली. सगळी."

 मावशी खुर्ची ओढून बसली.

"एक आहे ना? मग लाव की. मी एकच तर मागितला होता."

ट्रूडीने लावलं. आधी खरखर, मग कुणा भलत्याच माणसाचं खाकरणं.

"होड्यांसाठी हवामान. लेव्हीचा घसा बसलाय, म्हणून आज मी वाचतोय. उद्या तो येईलच. वारा वायव्येचा, दुपारनंतर वाढेल..."

मावशीने शेवटपर्यंत ऐकलं, लाटांच्या उंचीपर्यंत. ट्रूडीला मान वर करवत नव्हती.

"एकतीस वर्षांत एकच खाडा केला त्याने," मावशी म्हणाली. "निघाला होता, बूटसुद्धा घातले होते. मीच दारात आडवी उभी राहिले."